दक्षिण कोसलची इवली सुवर्णनाणी

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या ग्रंथात सोन्याविषयी चार शब्द असावेत, हे औचित्यास धरूनच आहे. मात्र ज्या सोन्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, ते सराफाच्या पेढीवरचे नव्हे. आपल्या रायपूरच्या आसमंतातील शेतांतून आणि पडक्या वस्त्यांतून ते वर आले. सुमारे पंधराशे वर्षे ते मातीत पडून होते. आणि त्याचे वजन इतके थोडे, की सोने म्हणून त्याची मातब्बरी कोणालाच वाटू नये.

लहान सोन्याची नाणी जमविण्याचा छंद जगात जुना आहे. त्यातील एक मोठा वर्ग स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत पाडलेल्या ‘एस्कुदो’ नाण्यांच्या मागे असतो. मेक्सिको, लिमा, पोपायान येथील टांकसाळींतून निघालेले आठ एस्कुदोंचे भरदार नाणे सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून तो सुमारे ३.४ ग्रॅमच्या एका एस्कुदोवर, किंवा त्याच्याही निम्म्या वजनाच्या अर्ध्या एस्कुदोवर समाधान मानतो. १७१५ साली सोन्यारुप्याने लादलेला स्पेनचा जहाजांचा तांडा फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत वादळात सापडला व ११ जहाजे बुडाली. १९६० नंतरच्या काळात पाणबुड्यांनी तेथून जी नाणी वर काढली, त्यांना संग्राहकांत विशेष मान आहे. तशाच घडणीचे, तेवढ्याच वजनाचे दुसरे नाणे शेजारी ठेवले तरी त्याला ती प्रतिष्ठा नाही. भेद सोन्यात नसतो. एक नाणे कोठून आले हे ठाऊक असते, दुसऱ्याचे नसते, इतकेच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडच्या नाण्यांची सारी कथा या एका भेदाभोवती फिरते.

स्पेनच्या त्या वसाहतींतील रुपे पूर्वी हिंदुस्थानात पुष्कळ आले, पण सुरतेच्या टांकसाळीत वितळून त्याचे रुपये झाले. सोन्यापैकी आपल्या घरांत रुळले ते व्हेनिसचे ‘डुकाट’. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राजप्रमुख त्यावर कोरलेला असे. आपल्या आजी-पणजींना त्यात केवळ दोन बाहुल्या दिसल्या आणि नाण्याचे नाव पडले ‘पुतळी’. पुतळ्यांची माळ हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा अज्ञात नाणेसंग्रह होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. त्यातील बहुतेक पुतळ्यांना कडी जोडलेली आहे, कित्येक पुढे सोनारानेच पाडलेल्या नकला आहेत; तरीही माळेने त्या राखल्या. ज्या सोन्याला माळेचा आश्रय मिळाला नाही त्याचे काय झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

आता आपल्या मातीतील नाण्यांकडे वळू. प्राचीन दक्षिण कोसल म्हणजे ढोबळमानाने आजचे छत्तीसगड आणि ओडिशाचा पश्चिम भाग. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत येथे जी सोन्याची नाणी निघाली, त्यांची घडण अवघ्या भारतात वेगळी उठून दिसते. गुप्त सम्राटांचे दीनार दोन ठशांच्या मध्ये सोने ठेवून घणाने पाडलेले, दोन्ही बाजूंनी चित्रे असलेले, आठ-नऊ ग्रॅमचे असत. कोसलचे नाणे म्हणजे सोन्याचा एक पातळ गोल पत्रा. त्याच्या मागच्या बाजूने ठोकून पुढच्या बाजूस चित्र व अक्षरे उठविलेली. मागे केवळ त्यांचेच खळगे. ज्यांच्या देवघरात खंडोबाचे किंवा कुलस्वामिनीचे चांदीचे टाक आहेत, त्यांना ही कृती निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. टाक हातात घेऊन उलटा करून पाहावा, म्हणजे महेंद्रादित्याचे नाणे कसे घडले ते कळते.

या नाण्यावर पंख पसरलेला गरुड असतो, त्याच्या दोहों बाजूंस शंख, चक्र अशी वैष्णव चिन्हे असतात, आणि एका आडव्या रेघेखाली राजाचे नाव असते: ‘श्री महेन्द्रादित्य’. नावाखाली एखादे सुटे अक्षर आणि ठिपक्यांचा पुंजका. लिपी पेटिकाशीर्षक, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकट असलेली. विदर्भातील वाकाटकांचे ताम्रपट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही अक्षरे ओळखीची वाटतील. नाण्याचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर आणि वजन सुमारे २० ग्रेन, म्हणजे १.३ ग्रॅम. जुन्या मापाने ११ गुंजांच्या आसपास. दीड मासाही नव्हे. अर्ध्या एस्कुदोपेक्षाही ते हलके. एका तोळ्यात अशी ९ नाणी बसतात.

तत्कालीन रायपूर जिल्ह्यातील खैरताल येथे १९४८ साली महेंद्रादित्याच्या ५४ नाण्यांचा निधी सापडला. हिशेब केला तर तो सारा सहा तोळ्यांच्या आतबाहेर भरतो. सहा तोळे! एका नवरीच्या पाटल्या आणि वर एखादी मोहनमाळ. निधी ज्याला सापडला त्याने तो गावच्या सोनाराकडे नेला असता तर अर्ध्या घटकेत मुशीत त्याचे पाणी झाले असते, आणि दक्षिण कोसलच्या इतिहासातील एक राजा आपल्या हातून निसटला असता. कारण हे नाव आपणांस ठाऊक झाले ते या पातळ पत्र्यांमुळेच.

पुढे १९५०-५१ च्या सुमारास राजिमजवळील पितईबंद येथे दुसरा निधी निघाला. त्यात ४९ नाणी होती. पैकी ४६ महेंद्रादित्याची आणि ३ ‘क्रमादित्य’ असे नाव असलेली. ही ३ नाणी आली आणि विद्वानांच्या वादाला खरा रंग चढला.

वाद असा. गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याचे बिरुद ‘महेंद्रादित्य’ होते आणि त्याचा पुत्र स्कंदगुप्त याचे ‘क्रमादित्य’. गरुड ही गुप्तांचीच राजमुद्रा. मग ही नाणी पितापुत्र गुप्तांचीच, किंवा त्यांच्या नावे त्यांच्या येथील मांडलिकांनी काढलेली, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्या सम्राटांच्या टांकसाळीतून भारतातील अत्यंत देखणे दीनार निघत, त्यांच्या नावाने हे तकलादू पत्रे कशासाठी निघावेत? शिवाय याच घडणीची, याच लिपीतील, गरुड-शंख-चक्र असलेली ‘श्री प्रसन्नमात्र’ या राजाची नाणी छत्तीसगड व ओडिशात मिळालेली आहेत. आणि प्रसन्नमात्र हा निःसंशय येथील शरभपुरीय कुलातला. म्हणून महेंद्रादित्य व क्रमादित्य हेही स्थानिक राजेच असावेत.

आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण पहिला पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकाच बिरुदाचा योग एकवार जुळला तर तो योगायोग. पितापुत्रांची दोन्ही बिरुदे त्याच जोडीने एका मडक्यात जुळावीत, याला केवळ योगायोग म्हणताना जीभ अडखळते. त्यात कुरुदच्या ताम्रपटाची भर पडते. धमतरी-रायपूर मार्गावरील कुरुद येथे शरभपुरीय राजा नरेंद्र याचा ताम्रपट मिळाला. त्यात एक विलक्षण हकीकत आहे. कोणा ‘परमभट्टारका’ने गंगास्नान करून एका ब्राह्मणास केशवक हे गाव दान दिले होते. त्याची सनद ताडपत्रावर होती. घराला आग लागली आणि ती जळाली. गाव त्या ब्राह्मणाच्याच भोगवट्यात होते, तेव्हा नरेंद्राने त्याच्या पुत्रासाठी ते दान तांब्यावर नव्याने लिहवून दिले. हा परमभट्टारक बहुधा गुप्त सम्राट असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर कोसलावर गुप्तांचे वर्चस्व होते आणि नाण्यांवरील बिरुदांना काही आधार मिळतो. नरेंद्र हा शरभाचा पुत्र. एरण येथील गुप्त संवत १९१, म्हणजे इसवी सन ५१० च्या लेखात गोपराज नावाचा वीर शरभराजाचा दौहित्र म्हणून येतो. तो शरभ हाच असेल तर या कुलाचा आरंभ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास येतो.

इतके सारे प्रश्न सहा तोळे सोन्याने उभे केले. आणि ते सोडविण्याचे साधनही तेच आहे: कोणते नाणे कोणत्या गावी, कोणाच्या जोडीने, किती संख्येने निघाले याची नोंद. पितईबंदची ३ नाणी सुटी सुटी बाजारात आली असती तर क्रमादित्य आणि महेंद्रादित्य यांचा सांधा कोणाच्या लक्षात तरी आला असता काय?

ही नोंद ठेवणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या मंडळाच्या ग्रंथात आवर्जून सांगावयास हवा. छत्तीसगडाशी मराठ्यांचा राजकीय संबंध १७४१ पासूनचा; भास्करराम कोल्हटकरांनी त्या वर्षी रतनपूर घेतले आणि पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले तेथूनच राज्य करीत होते. तो इतिहास आपण सर्वजण जाणतो. त्यापेक्षा कमी जाणतो ते हे, की १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर, आणि त्यामुळे येथील लेख, ताम्रपट व निधी यांचा अभ्यास बव्हंशी नागपुरात झाला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) हे कोकणातले. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. कालिदास आणि वाकाटक यांवर लिहिणारे मिराशी मराठी वाचकांस परिचित आहेत. छत्तीसगडच्या कलचुरींचे लेख त्यांनी १९५५ च्या बृहत् कोशात एकत्र केले, हेही काहींना ठाऊक असेल. परंतु बस्तरमधील एडेंग्याच्या नाण्यांवरचा त्यांचा निबंध फारसा कोणी वाचीत नाही. आमच्या मते लहान नाण्यांकडे कसे पाहावे याचा तो वस्तुपाठ आहे.

१९३९ साली बस्तर संस्थानातील कोंडागाव भागात एडेंगा या गावी ३२ सोन्याची नाणी मिळाली. तशीच पातळ, तशीच मागून ठोकलेली. मात्र गरुडाऐवजी वशिंड असलेला बसलेला नंदी आणि त्याच्यापुढे चंद्रकोर. खाली नावे तीन: वराहराज, भवदत्त आणि अर्थपती. २९ नाणी एकट्या वराहराजाची, १ भवदत्ताचे आणि २ अर्थपतीची. मिराशींनी भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांचा परिचय करून दिला आणि हे तिघे नलवंशीय राजे होत असे दाखविले.

ही ओळख पटली ती आपल्या विदर्भातील एका ताम्रपटामुळे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभावांचे परमतीर्थ, गोविंदप्रभूंचे गाव. तेथे मिळालेल्या एका दानपत्रात भवदत्तवर्मा आणि अर्थपती ही नावे आहेत. दान प्रयागच्या संगमावर राजदांपत्याच्या कल्याणार्थ दिलेले. दिलेले गाव कदंबगिरी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कळंब. आणि दानपत्र निघाले ते नंदिवर्धनाहून, म्हणजे प्रत्यक्ष वाकाटकांच्या राजधानीहून! बस्तरचा राजा नागपूरच्या शेजारी बसून सनदा देत होता, याचा अर्थ त्याने वाकाटकांना तेथून हुसकावले होते. पुढे वाकाटक दुसरा पृथिवीषेण आपण बुडालेला वंश वर काढला असे अभिमानाने सांगतो, आणि ओडिशातील पोडागडच्या लेखात भवदत्ताचा पुत्र स्कंदवर्मा उजाड झालेली पुष्करी नगरी आपण पुन्हा वसविली असे नमूद करतो. दोन घराण्यांच्या या झुंजीची दोन्हीकडची बाजू अशी दगडा-तांब्यावर आहे. परंतु वराहराजाचे नाव त्यातील कोठेही नाही. त्याला आपण ओळखतो तो एडेंग्याच्या त्या पत्र्यांवरून. अक्षरांच्या वळणावरून मिराशींनी त्याला या तिघांत आधीचा ठरविले. नंतरच्या काळात दुर्ग भागातील कुलिया येथे आणखी नाणी मिळाली आणि त्यांनी नलांच्या यादीत स्तंभ व नंदनराज अशी आणखी दोन नावे आणली. तीही केवळ नाण्यांचीच.

येथे पंडित लोचनप्रसाद पांडेय यांचे स्मरण न करणे कृतघ्नपणाचे होईल. महानदीकाठच्या बालपूरचे हे हिंदी कवी महाकोसल इतिहास परिषदेचे प्राण होते. गावोगावच्या मालगुजारांकडे, पटवाऱ्यांकडे चौकशी करून काय निघाले, कोठे निघाले हे टिपून ठेवण्याचे काम त्यांनी केले. नागपूरच्या पंडिताला वाचावयास काही मिळाले, कारण बालपूरच्या कवीने ते आधी वाचविले होते. पुढच्या पिढीत नागपूर विद्यापीठाचे अजयमित्र शास्त्री यांनी शरभपुरीय व पांडुवंशीय राजांचे लेख १९९५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध करून ही परंपरा चालू ठेवली.

रतनपूरच्या कलचुरींविषयी थोडेच सांगतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास जाजल्लदेव, रत्नदेव, पृथ्वीदेव यांनी सोन्याची जाड नाणी पाडली. एका बाजूस हत्तीवर झेपावणारा सिंह, दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत नाव. मोठे नाणे सुमारे चार ग्रॅमचे आणि त्याचा पाव भाग म्हणजे एक ग्रॅमहूनही हलके, करंगळीच्या नखावर मावेल असे. १९२१ साली बिलासपूर जिल्ह्यातील सोनसरी येथे अशी ६०० नाणी एकदम सापडली. गावाचे नावच सोनसरी, हा भाग्ययोग म्हणावा!

आता संग्राहकांविषयी. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळवावी लागते. कायदा वाटतो तितका निष्ठुर नाही. मूळ धनी न आढळल्यास व अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जमीनमालकास मिळावे अशी त्यात तरतूद आहे. आणि सरकारने निधी ठेवून घेतल्यास धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक द्यावयाचा आहे. परंतु नांगराच्या फाळाला मडके लागले की शेतकऱ्याला आठवते ती कचेरी, पंचनामा आणि हेलपाटे. ‘धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा’ ही रक्कमही आजच्या लिलावातील भावापुढे अगदीच केविलवाणी आहे. त्यामुळे जे पूर्वी मुशीत जात असे ते आज चोरवाटेने बाजारात जाते. मुशीपेक्षा बाजार बरा, असे कोणी म्हणेल. नाणे वाचते हे खरे. पण गावाचे नाव, मडके, सोबतीची नाणी आणि त्यांची संख्या हे सारे पहिल्याच विक्रीत गळून पडते. महेंद्रादित्याचे एक नाणे तेवढे उरते, आणि महेंद्रादित्य कोण हा प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

शिवाय एकाच बाजूने ठोकलेला पातळ पत्रा नकला करणाऱ्याला सोयीचा. एक ठसा आणि थोडे सोने एवढ्यावर कोणताही कसबी सोनार गरुड उठवू शकेल. ज्याच्या प्राप्तीची हकीकत ठाऊक नाही असे नाणे विकत घेणारा आपल्या पैशाने नक्कलकाराचाच धंदा चालवीत असतो. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीस बंदी आहे व त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो, हेही छंदिष्टांनी जाणून असावे.

आपल्या समाजात जुन्या वकिलांच्या, मालगुजारांच्या, सरकारी नोकरांच्या घरांतून पेटीच्या तळाशी अशी एखादी वस्तू असणे असंभवनीय नाही. तिला कडी लावू नये, कसोटीवर घासू नये, चिंचेने उजळू नये. वजन घ्यावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, आणि घरातल्या वृद्धांना ‘हे आपल्याकडे कोठून आले’ असे विचारून त्यांचे उत्तर, ते अर्धवट असले तरी, कागदावर उतरवावे. मग ती घेऊन महंत घासीदास संग्रहालयाची पायरी चढावी. १८७५ साली राजनांदगावच्या महंतांच्या औदार्यातून उभे राहिलेले आणि १९५३ पासून सध्याच्या वास्तूत असलेले हे संग्रहालय आपल्यापैकी कितीजणांनी सिरपूरच्या कांस्यमूर्तींपलीकडे पाहिले आहे, अशी आम्हांस शंका आहे.

सिरपूरचे नाव आलेच आहे, तर एक नाणे सांगावयाचे राहिले. १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने तेथे उत्खनन करून बौद्ध विहार उघडे केले. त्यांना निधी सापडला नाही. सापडले ते प्रसन्नमात्राचे एकच सोन्याचे नाणे, आणि एक तांब्याचे, मध्ये चौकोनी भोक असलेले चिनी नाणे, ‘काइ-युआन’ काळातील, म्हणजे इसवी सन ७१३ ते ७४१ मधले. चिनी यात्रेकरू युआन-श्वांग सातव्या शतकात कोसलात येऊन गेला होता. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनीही तिकडची वाट मोडली नव्हती, असे या भोकाच्या तांब्याने सांगितले. आणि प्रसन्नमात्राच्या त्या पत्र्याने सिरपूरच्या वस्तीचा आरंभ कोठवर मागे न्यावा, याला मातीच्या थरात एक खूण दिली. शरभपुरीय प्रवरराजाने राजधानी सिरपुरास आणली ती पुढे. त्याच्या आजोबांचे नाणे तेथे आधीच येऊन पडले होते. त्याचे वजनही दीड माशाच्या आतलेच. दीक्षितांनी ते कोठे निघाले हे लिहून ठेवले, म्हणून आज आपण हे सांगू शकतो.